अधीरपणा वंशांत असतो काय?

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं घडलेली एक लहानशी गोष्ट या लेखास कारण झाली. दोन पेट्या आंबे माजघराच्या कोपऱ्यांत पेंढ्यांत घालून अढी लावली होती. अढीस आठ दिवस कोणी हात लावावयाचा नाहीं, ही घरची जुनी शिस्त. पांचव्या दिवशीं पेंढा उलगडून पाहतों तों खालच्या थरांतले सहा आंबे नाहींसे झालेले, आणि त्यांच्या अर्धवट खाल्लेल्या कोयी परसांत पडलेल्या. गुन्हेगार शोधण्यास श्रम पडले नाहींत. आमचा नऊ वर्षांचा धाकटा नातू दाराआड उभाच होता. कच्चे आंबे खाऊन दांत आंबले होते, चिकानें ओठ उतला होता. पण आणखी तीन दिवस थांबलों असतों तर हेच आंबे गोड मिळाले असते, हा विचार त्यास शिवला नव्हता. येथवर सर्व हसण्यावारी गेलें. परंतु जेवतांना आमच्या वडील भगिनी, ज्यांस घरांत सर्वजण अक्का म्हणतात, त्या सहज बोलून गेल्या, "अगदीं धाकट्या आजोबांवर गेला आहे हो पोर! रक्त तेंच." आणि पंगतींत एकदम शांतता पसरली.

धाकटे आजोबा म्हणजे आमचे धाकटे बंधु. बुद्धीनें ते आमच्याहून तीक्ष्ण. पण थांबणें ही गोष्टच त्यांस ठाऊक नव्हती. परीक्षेंतील प्रश्न अर्धा वाचून ते उत्तर लिहावयास लागत. पुढें नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, सट्ट्याच्या नादीं लागले, आणि आज लावलेलें उद्यां दुप्पट झालें पाहिजे या घाईनें वडिलार्जित जमिनीचा आपला वांटा घालवून परगांवीं वारले. त्यांचें नांव घरांत क्वचितच निघतें, आणि निघतें तें असें. त्या रात्रीं निजतांना नातवानें आम्हांस विचारलें, "आजोबा, रक्त बदलतां येतें का?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

वस्तुतः आम्हींच हें विचारावयास हवें होतें. वर्गांत उभे राहून जन्म घालविलेल्या मनुष्यानें असलीं वाक्यें किती उच्चारलीं असतील याची गणना नाहीं. बापाला शिकविलें, मग मुलाला शिकविलें, आणि प्रगतिपुस्तकांत 'वडिलांप्रमाणेंच चंचल' असा शेरा मारून आम्ही मोकळे झालों. त्या शेऱ्यास आधार काय, हें पाहण्याची गरज तेव्हां वाटली नाहीं. निवृत्तीनंतर वाचनास वेळ आहे. नातवाच्या प्रश्नानंतर दोन-तीन महिने आम्ही या एकाच विषयामागें लागलों, आणि वाचकांस आश्चर्य वाटेल, पण हा शोध आम्हांस उंदरांच्या पिंजऱ्यापाशीं घेऊन गेला.

मनुष्यांत या प्रश्नाचा निकाल लावणें फार कठीण. जो बाप रक्त देतो तोच घरहि देतो. उतावळ्या बापाचा मुलगा उतावळा निघाला, तर तो बीजाचा गुण कीं रोज डोळ्यांपुढें पाहिलेल्या वागणुकीचा, हें कसें ठरवावें? दोन्ही धागे एकाच दोरींत वळलेले. एक उकलावयास जावें तों दुसराहि सुटतो. त्यासाठीं असा प्राणी पाहिजे कीं ज्याचें बीज आपल्या मुठींत ठेवतां येईल आणि ज्याचें घर आपण वाटेल तसें बदलूं शकूं. उंदराची मादी तीन आठवड्यांत वितें, पिल्लूं दोन महिन्यांच्या आंत वयांत येतें, आणि वर्षाकांठीं तीन-चार पिढ्या डोळ्यांदेखत होऊन जातात. मनुष्याच्या शंभर वर्षांचा इतिहास उंदरांत एका वर्षांत घडतो म्हणा ना!

हे प्रयोगशाळेंतील उंदीर आले कोठून, ही कथा एका शिक्षकास तरी सांगितल्यावांचून राहवणार नाहीं. कारण त्यांची मूळ पालनकर्ती आमच्याच व्यवसायांतली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत ग्रॅनबी नांवाचें खेडें आहे. तेथें १९०० च्या सुमारास अ‍ॅबी लॅथ्रॉप नांवाची एक निवृत्त शिक्षिका येऊन राहिली. प्रथम तिनें कोंबड्या पाळल्या. तो धंदा बुडाला. मग हौशी लोकांस विकण्याकरितां तिनें रंगीबेरंगी उंदीर पाळण्यास आरंभ केला. ओट आणि बिस्किटें हा त्यांचा आहार. पुढें हौशी गिऱ्हाइकांपेक्षां शास्त्रज्ञ गिऱ्हाइकेंच अधिक येऊं लागलीं. हार्वर्ड विद्यापीठांतील विल्यम कॅसल हे त्यांपैकीं एक. बाई नुसती विकून स्वस्थ बसली नाहीं. कोणत्या उंदराची कोणापासून उत्पत्ति, कोणास कसला रोग, याच्या नोंदी तिनें नेटकेपणें ठेवल्या, आणि लिओ लोएब या वैद्यकशास्त्रज्ञाबरोबर अर्बुदरोगावर निबंधहि प्रसिद्ध केले. १९१८ सालीं ती वारली. कॅसल यांचे शिष्य क्लॅरेन्स लिट्ल यांनीं १९२१ सालीं तिच्या कळपांतील ५७ क्रमांकाच्या मादीपासून जो वाण चालविला तो 'सी-५७' या नांवानें जगभर प्रसिद्ध झाला. आज अमुक औषध उंदरांवर गुणकारी ठरलें अशी वार्ता आपण वाचतों, तेव्हां तो उंदीर पुष्कळ वेळां या शिक्षिकेच्या दारांतलाच असतो.

लिट्ल यांनीं त्याआधींच, १९०९ सालीं, दुसरा एक वाण आरंभिला होता. त्याचें नांव 'डी.बी.ए.', हीं अक्षरें त्याच्या फिकट तपकिरी रंगाच्या वर्णनाचीं आद्याक्षरें होत. या वाणांची रीत आमच्या सगोत्र-सपिंड विचाराच्या अगदीं विरुद्ध आहे. वाचकांनीं क्षणभर कान झांकून घ्यावे. एकाच वेतांतील भाऊ आणि बहीण यांचा संयोग करावयाचा, त्यांच्या संततींत पुन्हां तेंच, असें निदान वीस पिढ्या. आरंभीं पुष्कळ रोगट व वांझ निघतात आणि वंश खुंटतात. आपल्या स्मृतिकारांनीं ज्याची भीति धरली तें तेथें प्रत्यक्ष दिसतें. पण जो वंश टिकतो त्यांतील सर्व उंदीर शेंकडा ९८ हून अधिक अंशीं एकमेकांच्या हुबेहूब नकला असतात. बीज एक, देह अनेक. १९२९ सालीं लिट्ल यांनीं मेन संस्थानांतील बार हार्बर येथें जॅक्सन प्रयोगशाळा स्थापिली, आणि तेथून हे शुद्ध वाण पृथ्वीभर जाऊं लागले.

असे दोन वाण हातीं आल्यावर प्रश्न सोपा होतो. दोघांस सारखें घर, सारखें अन्न, सारखा उजेड द्यावा. तरीहि वागण्यांत भेद दिसला तर तो बीजाचा. १९५९ सालीं जेरल्ड मॅक्लर्न आणि डेव्हिड रॉजर्स यांनीं कॅलिफोर्नियांत ही परीक्षा घेतली. प्रत्येक पिंजऱ्यांत दोन बाटल्या टांगल्या: एकींत पाणी, दुसरींत शेंकडा दहा मद्यार्क मिसळलेलें पाणी. सी-५७ च्या काळ्या उंदरांनीं मद्याची बाटली पसंत केली. डी.बी.ए. च्या तपकिरी उंदरांनीं तिला जवळजवळ तोंड लावलें नाहीं. कोणीं कोणास बिघडविलें नव्हतें, कोणीं उपदेश केला नव्हता. हें वाचून आमच्या मनांत प्रथम आलें कीं अक्कांचेंच खरें. एक कुळ मद्यपी, एक कुळ सोवळें, संपला वाद!

पण शास्त्रज्ञ तेवढ्यावर थांबले नाहींत, आणि आम्हांस त्यांचा हाच गुण फार आवडला. उंदीर मद्य टाळतो म्हणजे त्यास मद्याचा कैफ नावडतो, कीं त्याची चव नावडते? १९९२ सालीं क्रिस्टोफर कनिंगहॅम व त्यांचे सहकारी यांनीं जीभ वगळून प्रयोग केला. उंदरास मद्यार्क टोचून एका विशिष्ट जमिनीच्या खोलींत ठेवावयाचें, आणि साधें क्षारजल टोचून निराळ्या जमिनीवर. मग कांहीं न टोचतां मोकळें सोडून पहावयाचें कीं तो कोणत्या जमिनीकडे वळतो. कैफाची गोडी ज्यास लागली तो कैफाच्या जागीं परत जाणार. आणि आश्चर्य असें कीं जे डी.बी.ए. बाटलीस शिवत नव्हते तेच त्या जागीं अधिक ओढीनें जाऊं लागले. सी-५७ तितके गेले नाहींत. ज्यास आम्ही सोवळें म्हटलें त्याच्या मेंदूस कैफ अधिक प्रिय, फक्त जिभेवर पहारा! जिभेचें प्रकरणहि पुढें उलगडलें. २००१ सालीं निरनिराळ्या प्रयोगशाळांनीं दाखविलें कीं गोड चव ओळखणाऱ्या एका जनुकाचा जो प्रकार सी-५७ मध्यें आहे तो गोडीस तत्पर असतो, तर डी.बी.ए. मधील प्रकार मंद. म्हणजे एक जण साखरेकडे धांवतो आणि दुसरा धांवत नाहीं, यावरून पहिल्याचें मन हावरें ठरवूं नये. कदाचित् दुसऱ्यास ती पुरती गोडच लागत नसेल. वर्गांत किती मुलांस आम्हीं संयमी म्हणून वाखाणलें, ज्यांस त्या वस्तूची इच्छाच नव्हती!

आतां खुद्द अधीरपणाकडे वळूं. तो उंदरांत मोजावयाचा कसा? यासाठीं एक पेटी करतात. तिच्या भिंतींत पांच भोकें. मध्येंच एका भोकांत क्षणभर दिवा लागतो. उंदरानें त्यांत नाक खुपसलें कीं दुसऱ्या बाजूस गोड दुधाचा थेंब मिळतो. पण दिवा लागण्यापूर्वीं कांहीं सेकंद थांबावें लागतें. जो त्या आधींच नाक खुपसतो त्यास थेंब नाहीं, उलट अंधार. आमच्या नातवाची अढी ती हीच! दुसरी रीत निवडीची: एका भोकांत थोडें दूध, पण ताबडतोब; दुसऱ्यांत पुष्कळ, पण विलंबानें. विलंब वाढवीत जावें तसतसा उंदीर कोठें मोहरतो तें पाहतात. येथें कठोपनिषदांतील श्रेय आणि प्रेय यांची आठवण होते खरी. पण ती ताणूं नये, कारण उंदरापुढें दोन्हीकडे दूधच आहे, आणि विलंबानें मिळणारें अधिक दूध म्हणजे कांहीं मोक्ष नव्हे. तिसरी रीत उलट्या नियमाची: प्रथम डाव्या भोकांत बक्षीस; तें अंगवळणीं पडलें कीं नियम फिरवून उजव्यांत. जुनी संवय आवरून नवी धरण्यास कोणास किती वेळ लागतो हें त्यांत कळतें. या तिन्हींत एकच उंदीर सारखाच उतावळा ठरतो असें नाहीं. थांबणें, निवडणें आणि आवरणें हीं मेंदूचीं तीन निरनिराळीं कामें दिसतात. आपल्या भाषेंत 'उतावळा' हा एकच शब्द आहे, आणि त्यांतच पुष्कळ घोटाळा आहे असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

बीजाचा नेमका कोणता भाग हें घडवितो, हें शोधण्याची युक्ति मोठी रंजक आहे. सी-५७ आणि डी.बी.ए. यांचा संकर करावयाचा, आणि त्यांच्या नातवंडांपासून पुन्हां भाऊ-बहिणींच्या जोड्या लावून अनेक शुद्ध वाण पाडावयाचे. दोन पोथ्यांचीं पानें एकत्र पिसून प्रत्येकास त्यांतून एक पुरी पोथी बांधून द्यावी, तसें हें आहे. कोणत्या वाणांत कोणतें पान कोणत्या आजोबाकडून आलें याची यादी तयार असते. मग वागणूक मोजावयाची आणि यादीशीं ताडून पहावयाची. १९७० नंतरच्या दशकांत बेंजामिन टेलर यांनीं जॅक्सन प्रयोगशाळेंत या वाणांची मालिका सुरू केली. २०११ सालीं लॉस एंजेलिस येथील डेव्हिड जेन्ट्श यांच्या मंडळीनें त्यांतील सुमारें पन्नास वाण उलट्या नियमाच्या कसोटीस लावले. वाणा-वाणांत मोठा भेद दिसला, आणि दहाव्या गुणसूत्राच्या एका भागाकडे बोट गेलें. २०१३ सालीं त्यांनींच दाखविलें कीं जे वाण उलट्या नियमांत मागें पडतात ते संधि मिळतांच कोकेनहि अधिक घेतात. २०१४ सालीं अ‍ॅम्स्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनीं पांच भोकांच्या कसोटीवरून न्युरेग्युलिन-३ नांवाच्या जनुकापर्यंत मजल मारली. मेंदूच्या पुढल्या भागांत तें अधिक चालूं केलें तर उंदीर अधिक घाई करतो, काढून टाकलें तर घाई कमी होते. तेव्हां अधीरपणास बीजांत मुळींच आधार नाहीं असें कोणी म्हणेल तर तें खोटें. अक्कांचें म्हणणें निराधार नव्हे, एवढें न्यायानें येथें नोंदवितों.

मात्र बीजाची ही लिपि किती नाजूक आहे पहा. सी-५७ चा एक कळप १९५१ सालीं बार हार्बरच्या वंशांतून बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे गेला. दोन्ही शाखा वेगळ्या वाढत राहिल्या. नांव तेंच, रंग तोच. उंदराच्या बीजांत अडीचशें कोटींहून अधिक अक्षरें असतात. पिढ्यानुपिढ्या नक्कल करतांना बेथेस्डाच्या शाखेंत सायफिप-२ नांवाच्या जनुकांत एक अक्षर चुकलें. ज्यांनीं हस्तलिखित पोथ्या ताडून पाहिल्या आहेत त्यांस हें नवल नाहीं. लेखकाच्या हातून एक मात्रा सुटते आणि पुढील सर्व प्रतींत तोच अपपाठ चालतो. २०१३ सालीं विवेक कुमार, जोसेफ ताकाहाशी आदि शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं त्या एका अक्षरामुळें या शाखेंतील उंदीर कोकेनास कमी प्रतिसाद देतात. बरें झालें म्हणावें, तर २०१७ सालीं बॉस्टन येथील कॅमरॉन ब्रायंट यांच्या मंडळीस आढळलें कीं हेंच अक्षर असलेले उंदीर गोड खाद्य मिळतांच अधाशासारखें खात सुटतात. एकाच अपपाठानें एका मोहास बळ दिलें आणि दुसऱ्याचें काढून घेतलें. मग या अक्षरास चांगलें म्हणावें कीं वाईट? 'मोहाचें जनुक' असा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत वाचला कीं आम्हांस हा उंदीर आठवतो.

इतकें होऊनहि नातवास सांगण्यासारखें कांहीं हातीं लागलें नव्हतें. तें लागलें तें पुढील तीन प्रयोगांत, आणि या लेखाचें खरें प्रयोजन तेच आहेत.

पहिला १९९९ चा. जॉन क्रॅब, डग्लस वॉल्स्टन आणि ब्रूस डुडेक हे तिघे शास्त्रज्ञ तीन निरनिराळ्या गांवीं होते: अमेरिकेंत पोर्टलंड व ऑल्बनी, आणि कॅनडांत एडमंटन. त्यांनीं ठरविलें कीं आठ प्रकारचे तेच उंदीर घेऊन तिन्ही ठिकाणीं तेच प्रयोग करावे. उपकरणें एकाच मापाचीं. उंदरांचें वय एक. खाद्य तेंच, दिवे लावण्या-मालविण्याची वेळ तीच, प्रयोगाचा दिवसहि तोच. आमच्या शिक्षणखात्यानें परीक्षा घेतांना याच्या शतांशानें काळजी घेतली असती तर! बीज सारखें आणि घरहि सारखें. तेव्हां उत्तरें सारखींच आलीं पाहिजेत. मद्याच्या बाटलीबाबत तशीं तीं आलींहि: कोणते उंदीर पिणार हा क्रम तिन्ही गांवीं टिकला. पण उघड्या, उंच, अधिकाच्या चिन्हासारख्या माचेवर कोण भितो आणि कोण पुढें जातो, यांत एका गांवचा निकाल दुसऱ्या गांवीं लागू पडेना. भेद कशाचा? हाताळणाऱ्याच्या हाताचा, पाण्याचा, हवेचा, गंधाचा? तिघांस सांगतां आलें नाहीं. जें आपण मोजीत नाहीं, ज्यास आपल्या भाषेंत 'घरचें वळण' म्हणतात, तें कांहींतरी तेथें होतें. म्हणजे वंशाचे कांहीं गुण कोठेंहि नेले तरी बदलत नाहींत, आणि कांहीं उंबरा ओलांडतांच पालटतात. कोणता गुण कोणत्या जातीचा, हें आधीं सांगतां येत नाहीं, पाहूनच कळतें.

दुसरा प्रयोग २०१३ सालीं जर्मनींतील ड्रेस्डेन येथील गेर्ड केंपरमन यांच्या मंडळीचा. सी-५७ च्या चाळीस माद्या, सर्व एकाच बीजाच्या, पांच मजल्यांच्या एका मोठ्या घरांत तीन महिने एकत्र ठेवल्या. नळ्या, जिने, खेळणीं. जणुं भरलेला वाडाच. प्रत्येकीच्या अंगांत एक बारीक खूणयंत्र, त्यामुळें कोण कोठें फिरते याची नोंद आपोआप होई. आरंभीं सर्व सारख्याच हिंडत. पण जसजसे आठवडे गेले तसतशा त्या एकमेकींपासून वेगळ्या होत गेल्या. कोणी सर्व घर पालथें घाली, कोणी एका कोपऱ्यास चिकटून राही. आणि ज्या अधिक हिंडल्या त्यांच्या मेंदूंत स्मृतीच्या जागीं नवे मज्जापेशीहि अधिक उपजलेले आढळले. बीज एक, छप्पर एक, ताट एक. तरी चाळीस स्वभाव! एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस यांत नवें कांहीं नाहीं. एका चुलीवर जेवलेले चार भाऊ चार दिशांस तोंडें करून बसतात हें आपण पाहतोंच; पण त्याचें कारण आपण नेहमीं कोणा मामाच्या किंवा आजाच्या रक्तांत शोधतों. येथें शोधावयास दुसरें रक्तच नव्हतें.

तिसरा प्रयोग वाचतांना आम्ही दोनदां चष्मा पुसला. मेंदूंत सेरोटोनिन नांवाचें एक द्रव्य आहे, आणि तें ग्रहण करणाऱ्या अनेक प्रकारच्या कड्या आहेत. त्यांतील '१-ब' नांवाची कडी ज्यांत नाहीं असे उंदीर रेने हेन आदि शास्त्रज्ञांनीं १९९४ सालीं तयार केले. ते भांडखोर निघाले. परका नर समोर येतांच तुटून पडत. पुढें आढळलें कीं थांबण्याच्या कसोटींतहि ते नापास होतात. बीजांत दोष, म्हणून स्वभावांत दोष; यापुढें बोलण्यासारखें कांहीं नाहीं असें कोणासहि वाटेल. परंतु न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत कॅथरीन नौटियाल, हेन व त्यांचे सहकारी यांनीं असा उंदीर घडविला कीं ज्यांत ही कडी हवी तेव्हां बंद ठेवतां येईल आणि खाण्यांतून एक औषध दिलें कीं पुन्हां सुरू होईल. मग त्यांनीं विचारलें: जन्मापासून कडी बंद होती, उंदीर उतावळा म्हणून वाढला, पुरता प्रौढ झाला, आतां ती सुरू केली तर काय होईल? २०१५ सालीं उत्तर प्रसिद्ध झालें. भांडखोरपणा गेला नाहीं. त्याची घडण बाळपणींच होऊन चुकली होती. पण अधीरपणा गेला. प्रौढ झालेला तो उंदीर इतरांसारखा थांबूं लागला.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, आणि तें औषध नातवास द्यावयाचें नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु जो स्वभाव बीजांतून आला तो बीजाबरोबरच कायमचा शिक्कामोर्तब झाला, ही जी आमची ठाम समजूत होती, ती निदान या एका प्राण्यांत आणि या एका गुणाबाबत खोटी ठरली आहे. बंधूंचें वय शेवटच्या खेपेस घर सोडतांना एकेचाळीस होतें. त्यांच्यासाठीं आतां कांहीं करण्याची वेळ टळून गेली आहे असें आमच्या तीर्थरूपांस वाटलें, आणि आम्हांसहि वाटलें. आठव्या वर्षापासून त्यांस 'उतावळा' म्हणणाऱ्यांत आमचाच आवाज मोठा होता, कारण आम्ही वडील. त्या घरांत तो आवाज नसता तर काय झालें असतें, हें पाहण्यास दुसरा एक तसाच भाऊ आणि दुसरें एक घर पाहिजे होतें.

हा लेख आम्हीं छापावयास पाठविण्यापूर्वीं माजघरांत वाचून दाखविला. अक्का सर्व ऐकून म्हणाल्या कीं तुमचे उंदीर तुमच्यापाशीं. मीं त्याला कडेवर घेतलें आहे, मला ठाऊक आहे. त्यांनीं धाकट्या बंधूंसहि कडेवर घेतलें होतें, म्हणून आम्ही वाद वाढविला नाहीं. मात्र नातवासमोर रक्ताची गोष्ट काढावयाची नाहीं एवढें त्यांनीं कबूल केलें आहे, आणि आजवर पाळलें आहे. नातवास आम्हीं चाळीस माद्यांची आणि औषधाच्या उंदराची गोष्ट सांगितली. त्यानें सर्व मन लावून ऐकली आणि विचारलें, "तो थांबला तेव्हां त्याला दूध किती मिळालें?" एक थेंब, आम्हीं सांगितलें. "एवढंच?" असें म्हणून तो बराच वेळ विचार करीत बसला.